आठवा फर्मा

२ फेब्रुवारी

ठकू,

सोबत निळं पुस्तक पाठवतो आहे. पाठ मोडली आहे. माझी नव्हे, पुस्तकाची. नऊ वर्षं एकाच जागी उघडलं की कुणाचीही मोडेल.

नवी शिवण घाल, पण कडा कापू नकोस. समासात माझं पेन्सिलीचं लिखाण आहे, पार कडेपर्यंत. पुठ्ठा निळाच हवा. आणि पान एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस जिवापाड जप. त्या सोळा पानांत पुस्तकाचा जीव आहे.

याचा लेखक, हा पाश्चात्य तत्त्वज्ञ गृहस्थ, एकशे बारा पानं सगळ्यावर संशय घेतो. डोळे फसवतात, कान फसवतात, समोरचं टेबलही कदाचित नसेल. आणि एकशे तेराव्या पानावर अचानक वळतो. म्हणतो, जाणत्या आणि भल्या माणसाचा शब्द हेही ज्ञानच. असं वळण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. निवृत्तीनंतर इकडचं तिकडचं बरंच वाचलं. भारतीय म्हणतात, दोरीला साप समजू नये. मला ती भीती कधीच नव्हती, चाळीस वर्षं लिफ्टचे दोरच बघितले. पाश्चात्यांतला एक म्हणतो, जग आपल्या मनात आहे. असेल. गॅस बंद केला का ते बघायला तरी मलाच उठावं लागतं. पण त्या सोळा पानांनी मला धरून ठेवलं.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी लावतो, संध्याकाळपर्यंत सात मिनिटं मागे पडतं. मी मनात सात मिळवतो. भागतं.

घड्याळजी मार्चअखेर दुकान बंद करून मुलीकडे कायमचा निघालाय म्हणे. दूध आणायला गेलो तेव्हा कानावर आलं. मला काय त्याचं.

पुस्तक मार्चच्या आत झालं तर बरं.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

पुस्तक पोचलं. बांधलेल्या सुतळीला नऊ गाठी होत्या. लिफ्ट टांगायची होती का?

जुना दोरा काढून फर्मे सुटे केले. (एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, घड्या घातल्या की त्याची एक जुडी होते, तो फर्मा. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक. हे तुला शंभरदा सांगितलंय, तरी तू 'गठ्ठा' म्हणतोस.) तुझं पुस्तक पंधरा फर्म्यांचं आहे. एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस हा आठवा.

थोडा वेळ लागेल. खळ नीट वाळत नाहीये.

एक विचारू? घड्याळकाकांशी तुझं नेमकं काय बिनसलं? आई एवढंच म्हणायची की दोन शहाणे एका ओळीवरून भांडले. कुठली ओळ? कितव्या पानावरची? सांग ना. उगाच विचारतेय.

ठकू


१३ फेब्रुवारी

ठकू,

खळीला आठ दिवस लागत नाहीत. आणि उगाच विचारणारी माणसं पान क्रमांक विचारत नाहीत. पण विचारलंच आहेस तर ऐक.

तू पहिल्या पगारातून आम्हा दोघांना पुस्तकं दिलीस. मला पाश्चात्य, निळं. त्याला भारतीय, तांबडं. एकाच छापखान्याची, एकाच मापाची. आम्ही ठरवलं, घाई करायची नाही. आठवड्याला एक पान. ज्याने त्याने आपलं वाचायचं आणि गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता त्याच्या दुकानापुढच्या बाकावर एकमेकांना सांगायचं. तो म्हणायचा, "लिफ्टवाल्या, तुझा माणूस अजून टेबलाशीच अडकलाय का?" मी म्हणायचो, "तुझा अजून डोंगरावरच्या धुरावरून आग शोधतोय का? वर जाऊन बघ म्हणावं." एकशे बारा गुरुवार असे गेले. ठकू, नोकरीत सुद्धा मी इतका हसलो नव्हतो.

एकशे तेराव्या गुरुवारी मी धावतच गेलो. म्हटलं, माझा गृहस्थ तुझ्या बाजूला आला, भल्या माणसाचा शब्द प्रमाण म्हणतो. तर हा म्हणतो, "छे, उलट माझाच आज म्हणतोय की संशय हाच खरा मित्र, स्वतः तपासल्याशिवाय काही मानू नका." मी म्हटलं, शक्य नाही. तो म्हणाला, तुझंच शक्य नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयावरून जात होतो. खिडकीतून बघतो तर हा आत, पुढ्यात निळ्या पुस्तकाची वाचनालयाची प्रत. माझा शब्द तपासत होता! मीही आत गेलो, तांबडं मागितलं आणि त्याच्यासमोर बसलो. त्याने सांगितलेलं त्यात एकशे तेराव्या पानावर काही नव्हतं. मी सांगितलेलं त्याला निळ्यात मिळालं नाही. आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. "खोटारड्या," तो म्हणाला. मीही तेच म्हणालो. ग्रंथपालबाईंनी दोघांनाही बाहेर काढलं.

तू म्हणशील, घरचं पुस्तक नेऊन दाखवायचं. दोन मिनिटांचं काम. का दाखवू? चाळीस वर्षं लोक माझ्या शब्दावर सातव्या मजल्यावर गेले. दोर कुणी तपासला नाही. आणि तीस वर्षांच्या मित्राने तपासावा? पुस्तक दाखवून सिद्ध करावी लागते ती कसली मैत्री.

नऊ वर्षं झाली. बाक अजून तिथेच आहे. मी पलीकडच्या बाजूने जातो.

पुस्तकाचं बघ.

मामा


१७ फेब्रुवारी

घड्याळकाका,

मी ठकू. लिफ्टवाल्या मामाची भाची, तुमच्या दुकानात शेरभर जुने काटे खेळायला मागून न्यायची ती. आता माझं स्वतःचं बाइंडिंगचं दुकान आहे. दोन खोल्या, पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, एक मांजर.

तुम्ही गाव सोडताय असं कळलं. मी दिलेलं तांबडं पुस्तक अजून आहे का? प्रवासात त्याची शिवण टिकायची नाही. पाठवून द्या, नवीन करून देते. माझ्याकडून भेट समजा.

मामाने सांगितलेलं नाही. त्याला माहीतही नाही.

तुमची
ठकू


२२ फेब्रुवारी

बाळ ठकू,

पुस्तक पाठवतो आहे. दुकान आवरताना वरच्या फळीवर सापडलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. ते गल्ल्याशेजारीच असतं.

पुस्तक चांगलं आहे. जाणत्यावर विश्वास ठेवा, अनुमान कसं करा, सगळं पायरीपायरीने सांगतं. फक्त मध्ये सोळा पानं लेखकाच्या अंगात येतं आणि तो सगळंच उखडून टाकतो. मग एकशे एकोणतिसाव्या पानावर काहीच झालं नाही अशा थाटात परत पायऱ्या चढायला लागतो. पूर्वी वाटायचं, माणूस विसराळू असावा. आता वाटतं, त्याने आधी शंकेला पोटभर बोलू दिलं, मग पुढे गेला. थोर माणूस. हे मी एका गृहस्थाला सांगितलं होतं. त्यांना पटलं नाही.

ते गृहस्थ बरे आहेत ना? विचारत नाही, आपलं कळावं म्हणून. ते रोज संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडून जातात, माझ्याकडे न बघता. सहाला जायचे, आता सहा वाजून चार मिनिटांनी जातात. त्यांचं घड्याळ मागे पडतंय, आणि किती पडतंय याचा त्यांचा हिशेबही चुकलाय. आमच्या गल्लीत दुसरा चांगला घड्याळजी आहे. नऊ वर्षांत त्याच्याकडे का गेले नाहीत, देव जाणे.

एकतीस मार्चला निघतो. मुलीने खोली रंगवून ठेवली आहे.

घड्याळकाका


१ मार्च

मामा आणि घड्याळकाका,

हे पत्र मी दोनदा लिहिलंय, शब्दाला शब्द तेच. एक प्रत तुला, एक तुम्हाला. कोण आधी उघडेल यावरून नवं भांडण नको.

खळ केव्हाच वाळली. माझीच छाती होत नव्हती.

तुम्ही दोघंही खोटं बोलला नाहीत. मामाच्या निळ्या पुस्तकातला आठवा फर्मा तांबड्याचा आहे. काकांच्या तांबड्यातला आठवा निळ्याचा. वाचनालयातल्या प्रती जुन्या आवृत्तीच्या, त्यांत पानांचे आकडे वेगळे, म्हणून एकशे तेरावं उघडून तुम्हाला तिथे स्वतःचं पानही दिसलं नाही. दोन्ही पुस्तकं एकाच टायपात, पानांवर फक्त आकडे. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बाइंडरसाठी बारीक खूण असते, निळ्याला एक ठिपका, तांबड्याला दोन. मामाच्या एकशे तेराव्या पानाखाली दोन आहेत. त्यांच्यापुढे मामाने पेन्सिलीने लिहिलंय, 'लेखक इथे श्वास घेतो.'

निळ्याचं एकशे बारावं पान संपतं ते असं: 'डोळेही फसवतात, हातही. मग उरतो...' आणि पुढे तांबड्याचं पान सुरू होतं: 'जाणत्या आणि भल्या माणसाचा शब्द.' तांबड्याचं संपतं: 'बाकी मार्ग सांगून झाले, आता उरतो...' आणि पुढे निळ्याचं: 'संशय, तोच खरा मित्र.' जोड इतकी बेमालूम बसली की मीही दोनदा वाचलं. एकशे अठ्ठाविसाव्या पानाच्या शेवटी मात्र दोन्हीकडे वाक्य तुटतं. मामाने तिथे लिहिलंय, 'विचाराची झेप!' काकांनी लिहिलंय, 'इथे समजून घ्यावे.'

चूक माझी. छापखान्यातला माझा तो पहिला आठवडा. लांब टेबलावर दोन्ही पुस्तकांचे ढीग समोरासमोर होते. टेबलाभोवती फिरत एकेका ढिगातून एकेक फर्मा उचलायचा. मी अक्कल चालवली. म्हटलं, दोन फेऱ्या कशाला? डाव्या हाताने निळं उचलू, उजव्याने तांबडं. आठव्या ढिगापाशी टेबल वळतं. वळताना माझे हात उलटसुलट झाले असणार. तेवढ्यात मुकादमबाई ओरडल्या, "ए शहाणे, एका वेळी एकच पुस्तक!" म्हणून तशी जोडी एकच झाली. संध्याकाळी ढीग मोजले तर एकही कमी नाही, एकही जास्त नाही. चूक दोन्हीकडे सारखीच झाली की ती मोजणीत सापडत नाही.

आणि ती माझ्या हातची पहिली जोडी म्हणून मी ओळखून बाजूला काढली. पहिल्या पगारात विकत घेतली. तुम्हा दोघांना दिली.

आता माझं डोकं गरगरतं ते यापुढे. मामा, तुझं पुस्तक संशयाचं, पण तू वाचलंस की शब्दावर विश्वास ठेवावा. म्हणून काकांनी तपासलं याचा तुला राग आला. काका, तुमचं पुस्तक विश्वासाचं, पण तुम्ही वाचलंत की तपासल्याशिवाय मानू नये. म्हणून तुम्ही वाचनालयात गेलात. दोघंही पुस्तकाबरहुकूम वागलात. फक्त दुसऱ्याच्या.

माझ्यामुळे नऊ वर्षं गेली. रागवा. पण दोघं एकत्र बसून रागवा.

ठकू


५ मार्च

ठकू,

पत्र वाचलं. छान लिहिलं आहेस. लहानपणीही तू अशीच होतीस. तुझी आई आणि मी भांडलो की दोघांना वेगवेगळं जाऊन सांगायचीस, "तो रडतोय," "ती रडतेय." कुणीच रडत नसायचं.

तू मनाची मोठी आहेस म्हणून हे रचलंस. ठिपके, हात, मुकादमबाई, सगळं झकास. पण ती सोळा पानं मी नऊ वर्षं वाचली. ती दुसऱ्याच कुणाची असती तर मला कळलं नसतं? अशा गोष्टी कुणाच्या शब्दावर मानायच्या नसतात.

मामा

ता. क. शेवटची ओळ लिहिल्यावर थोडा वेळ पेन हातात धरून बसलो. हसू नकोस.


९ मार्च

मामा,

मांजर दचकून पळालं इतकी हसले.

तुझ्या शब्दावर काकांनी विश्वास ठेवायचा, पण माझ्या शब्दावर तू नाही. बरं. मी काहीही सिद्ध करणार नाही. दोन्ही आठवे फर्मे, न शिवलेले, एकाच पाकिटात घालून आज पाठवले आहेत. पत्ता काकांच्या दुकानाचा. बघायचं असेल तर रस्ता ओलांड.

एक मात्र आधीच सांगते, कारण नंतर बोंब नको. फर्मे आपापल्या पुस्तकात परत घातले तर त्यावरचं लिखाणही जाईल. तुझ्या पेन्सिलीची सोळा पानं काकांच्या पुस्तकात, त्यांची तुझ्या. पुसायची का ते कळवा. मी काकांचं वाचलेलं नाही. म्हणजे, फारसं नाही.

ठकू


१६ मार्च

बाळ ठकू,

पाकीट गुरुवारी आलं. मी उघडलं नाही. काउंटरवर ठेवलं, दारातून दिसेल असं.

सहा वाजून चार मिनिटांनी तो पलीकडून आला. थांबला. रस्त्यात वाहन नव्हतं तरी दोन्हीकडे बघितलं. मग आला आणि म्हणाला, "घड्याळ दुरुस्त करायचंय." मी म्हटलं, "काय होतंय त्याला?" तो म्हणाला, "सात मिनिटं मागे पडतं." मी म्हटलं, "अकरा." तो म्हणाला, "सात. मी रोज मिळवतो." मी म्हटलं, "तपासून बघितलंस कधी?"

तेव्हा जे झालं ते नीट सांगता यायचं नाही. तो आधी हसला की मी, यावर एकमत नाही. शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊनच धावत आला, त्याला वाटलं कुणाला तरी झटका आला.

मग पाकीट उघडलं. आधी ठिपके मोजले. मग त्याने माझ्या समासातलं वाचलं आणि मी त्याच्या. तूही माझं वाचलं आहेस असं तो म्हणाला, म्हणजे, फारसं नाही. माझ्या एकशे अठराव्या पानावर आहे, 'लिफ्टवाला इथे काय म्हणेल?' शाई भांडणाच्या दोन वर्षांनंतरची. त्याच्या एकशे विसाव्यावर आहे, 'हे घड्याळजीला सांगायचं.' खाली खोडलेलं. त्याखाली पुन्हा तेच.

काही पुसायचं नाही. फर्मे आपापल्या पुस्तकात घाल. माझ्या पुस्तकात तो राहू दे, त्याच्या पुस्तकात मी.

मुलीला कळवलं की सोळा पानं वाचायची राहिली आहेत, आठवड्याला एक, तोवर येत नाही. ती म्हणाली, चार महिने ना, चालेल. पुस्तक दोनशे चाळीस पानांचं आहे हे तिला सांगितलेलं नाही.

घड्याळकाका

ता. क. तुझ्या पहिल्या आठवड्यातल्या चुकीबद्दल मी रागावलेलो नाही. मी पहिल्या आठवड्यात एका वकिलाच्या घड्याळात तास आणि मिनिटकाट्याची अदलाबदल केली होती. तो खटला जिंकला.


१२ एप्रिल

ठकू,

पुस्तकं मिळाली. शिवण उत्तम. निळा जरा गडद झालाय, पण तुझ्या शब्दावर तोच निळा मानतो.

आता आम्ही एकशे तेराव्या पानापासून परत सुरुवात केली आहे. खरं निळं एकशे तेरावं पान मी परवा पहिल्यांदा वाचलं. म्हणजे त्यातला मजकूर. संशय हाच खरा मित्र वगैरे. ठीक आहे, हुशार माणूस आहे. पण खरं सांगू, मला आता समासच जास्त आवडतो. घड्याळजीचं अक्षर मुंगीएवढं आहे. भिंग त्यानेच दिलंय, दुकानातलं. तिकडे तो माझं पानभर मोठं अक्षर वाचून म्हणतो, "तू विचार करतोस की ओरडतोस?"

परवा मी त्याला विचारलं, त्या दिवशी तू नेमका कशाला गेला होतास वाचनालयात, मला खोटं पाडायला? त्याने माझ्या हातातलं भिंग घेऊन पुसलं. मग म्हणाला, "नाही रे. तू इतका खूष होऊन सांगत होतास. मला ते पान स्वतः वाचायचं होतं."

नऊ वर्षं मी हे विचारलं नव्हतं. इकडची तिकडची एवढी पुस्तकं वाचली, प्रश्न कसा विचारावा यावरच निम्मी आहेत.

त्याने दुकानाची पाटी उतरवली, पण बाक ठेवला. शिंप्याला सांगून ठेवलंय, बाक आमचा आहे. माझं घड्याळ त्याने त्याच दिवशी उघडून साफ केलं. आता एक मिनिटही मागे पडत नाही. तरी सवय जात नाही. निघताना मी मनात सात मिळवतोच. त्यामुळे दर गुरुवारी त्याच्या आधी सात मिनिटं बाकावर पोचतो, आणि तो कोपऱ्यावरून येताना दिसतो.

मामा